मोजायची गोष्ट

आठवीच्या वर्गात अँडीज पर्वत शिकवत होते. पुस्तकात नव्हतं म्हणून एका जुन्या मासिकातलं कॉन्डॉरचं चित्र कापून नेलं होतं. मुलांना सांगितलं, हा दक्षिण अमेरिकेतला पक्षी, पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा फूट भरतो, मेलेली जनावरं खातो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. इंद्रावतीच्या काठावरच्या एका गावचा, माडिया घरातला, एरवी वर्गात तोंड न उघडणारा.

"मॅडम, हा आपल्याकडं होता. माझा आजा सांगते."

मी म्हटलं, हा कॉन्डॉर आहे, आपल्याकडे होतं ते गिधाड. दिसायला सारखे, काम सारखं, पण घराणी वेगळी. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मग तुमी पाहिलं का गिधाड?"

पाहिलं होतं. शेवटचं कधी, ते सांगताना आवाज अडखळला. त्या वेळी मीही त्याच्याहून लहान होते. मुलांपुढे दाखवायला माझ्याकडे एक फोटोही नव्हता. तिथून हे सगळं सुरू झालं.

मला फोटो काढता येत नव्हते. भामरागडला बदली होऊन दुसरं वर्ष होतं. धाकट्या भावाने त्याचा जुना कॅमेरा आणि एक लांबलचक वापरलेली लेन्स दिवाळीत माझ्या हाती दिली. तेवढ्या शिदोरीवर डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्रिवेणी संगमावर जाऊन बसले. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती इथे भेटतात. पावसाळ्यात हीच पर्लकोटा पुलावर चढते आणि भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. डिसेंबरात मात्र पाणी शांत, काठावरची वाळू उघडी. पलीकडे छत्तीसगड. साडेदहाच्या सुमाराला पलीकडच्या जंगलावरून एक मोठा पक्षी वर चढताना दिसला. पंख हलवत नव्हता. नुसता गोल गोल फिरत, प्रत्येक फेरीला उंच होत. मी चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर चाळीसही फोटोंत पांढऱ्या आभाळावर एक काळा ठिपका. मोठा करून पाहिला, तर काळा ठिपका मोठा झाला.

एका वनरक्षकाला दाखवला. त्याने बराच वेळ न्याहाळला. "पंख रुंद आहेत, टोकाला बोटांसारखी फाक दिसते, शेपूट आखूड वाटते," तो म्हणाला. "गिधाड असू शकते. सर्पगरुडही असू शकते. यावरून सांगता येत नाही मॅडम." पलीकडे इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे, तिकडे गिधाडं आहेत, आणि पक्ष्याला राज्याची सीमा नसते. नदी ओलांडून एखादं इकडे आलं तर नवल नाही. पण खात्रीने पाहायचं असेल तर उलट्या दिशेला जा, असं त्याने सांगितलं. गडचिरोली वन विभागात, कुनघाडा वनपरिक्षेत्राकडे. तिथे गिधाडांची उपाहारगृहं आहेत.

उपाहारगृह हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की मी पुन्हा विचारलं. वन विभागाने गावांपासून दूर काही जागा कुंपण घालून राखल्या आहेत. आसपासच्या गावात जनावर मेलं की ते तिथे आणून टाकतात. गिधाडांना पोटभर आणि विष नसलेलं अन्न मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू. राखणीला आणि मोजणीला गावातलेच तरुण असतात. त्यांना गिधाडमित्र म्हणतात.

मोजणी हा शब्द ऐकला आणि मला बाबा आठवले.

आमचं गाव मूल तालुक्यातलं. धानाचा मुलूख. १९९८च्या पावसाळ्यात मी पाचवीत होते. रोवणा चालू असताना चिखलात आमच्या चांद्याचा पाय फिरला. खांदा सुजला, बैल उठेना. रोवण्याच्या दिवसांत बैल बसला की घर बसतं. गावात जनावरांना सुया टोचणारा एक माणूस होता, त्याला बोलावलं. त्याने एक इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चांद्या स्वतःच्या पायांवर उभा राहिला. आईने त्या माणसाला शेरभर तांदूळ दिले होते, मला आठवतं. मग रोज एक सुई सुरू झाली. पाचव्या दिवशी बैल पुन्हा बसला आणि त्याच रात्री गेला. कशाने गेला, ते कधी कळलं नाही. बाबांनी आणि काकांनी त्याला गावाबाहेर ढोरफोडीच्या जागेवर ओढत नेलं. बाबा परत आले ते सरळ बोडीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं लांबून बघायला गेलो. आभाळातून गिधाडं नुसती गळत होती. झाडांवर गिधाडं, बांधीच्या धुऱ्यावर गिधाडं, चांद्या तर दिसतच नव्हता. मी बाबांना विचारलं, किती असतील? बाबा म्हणाले, "गिधाडं काय मोजायची गोष्ट हाय का, माय?"

तीन-चार दिवसांनी त्याच बाजूच्या काटेसावरीवर काही गिधाडं बसलेली दिसली. मान छातीत गाळून, झोपल्यासारखी. दगड मारला तरी उडेनात. एक आमच्यासमोर फांदीवरून घसरलं आणि खाली पडलं. आम्ही घाबरून पळालो. पुढच्या वर्षी काकांची म्हैस मेली. तिच्यावर कुत्री आली, कावळे आले. गिधाडं आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. पुढे मी शिकायला चंद्रपूरला गेले आणि हे सगळं विसरले.

काटेसावरीवरच्या त्या गिधाडांना काय झालं होतं, ते मला फार उशिरा, कॅमेरा हातात आल्यानंतर वाचायला लागल्यावर कळलं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश या संशोधकाने १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. दहा वर्षांनी त्यांतल्या निम्म्याही उरल्या नव्हत्या, आणि उरलेल्या पक्ष्यांत कित्येक तसेच मान गाळून बसलेले दिसत. कारण मात्र कुणालाच कळेना. रोग असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालू होते. उत्तर मिळालं २००४च्या जानेवारीत, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवर काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांकडून. दुखण्यावरचं आणि सुजेवरचं साधं औषध, डायक्लोफिनॅक. माणसांना आणि गुरांना चालतं. पण औषध टोचलेलं जनावर एकदोन दिवसांत मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर त्याचं मूत्रपिंड बंद पडतं, रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर बसतो. काही दिवसांत पक्षी मरतो.

मी ते वाचलं आणि कॅमेरा बाजूला ठेवून दिला. आमच्या घरी आलेली सुई तीच होती, हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण सूज, दुसऱ्या दिवशी उभं राहणं, आणि नंतर ती काटेसावर. माझ्या मनात शंका उरली नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते एका हिशेबाने. एवढी गिधाडं मरायला देशातल्या सगळ्या मढ्यांत विष असायला हवं होतं, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. अभ्यासकांनी गणित मांडून दाखवलं की शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी एवढा संहार होऊ शकतो. कारण गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एक जनावर दिसलं की कोसा-कोसावरून पंगत जमते, आणि एका पंगतीत सगळी संपतात. पुन्हा ही जात वर्षाला एकच अंडं घालते आणि पिलू वयात यायला चार-पाच वर्षं जातात. गेलेली भरून निघत नाहीत. म्हणजे शंभर मेलेल्या जनावरांमागे एखादा चांद्याही पुरेसा होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची हजारातली ९९९ गिधाडं नाहीशी झाली.

फेब्रुवारीत दोन दिवसांची रजा आणि वन विभागाची परवानगी, दोन्ही जुळून आलं. भामरागडहून पहाटेची एसटी धरली. हेमलकसा, ताडगाव, आलापल्ली, आष्टी, चामोर्शी असा पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता. आलापल्लीपर्यंत दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं गळून हलकं झालेलं. मोहाचा हंगाम अजून महिनाभर लांब होता. ज्या गावाजवळ मी गेले, त्याचं नाव इथे लिहीत नाही. जवळच घरटी आहेत, आणि माणसांची गर्दी झाली तर पक्षी अंडं सोडून जातो, असं तिथल्या लोकांनी मला बजावलं आहे.

संध्याकाळी उपाहारगृहावर पोचले तेव्हा एक ट्रॅक्टरची ट्रॉली आत येत होती. ट्रॉलीत एक पांढरा बैल. त्याच्या शिंगांवर पोळ्याला लावलेला निळा रंग पुसट का होईना, अजून होता. सोबत एक म्हातारे शेतकरी, डोक्याला पंचा. तिथल्या वनरक्षकाने वही काढली आणि एकेक प्रश्न विचारायला लागला. कधी मेला? काय झालं होतं? मरायच्या आधी आठ-पंधरा दिवसांत औषध दिलं होतं का? कोणी दिलं? सुई की गोळी? बाटली आहे का घरी?

म्हातारबा सांगत होते, "कायची सुई जी. म्हातारा झालता. चौदा वर्सं राबला. काल दुपारी बसला तो उठलाच नाही."

वनरक्षकाने तरी पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं. आजारी जनावर असेल, औषधाचा संशय असेल, तर ते इथे घेत नाहीत, पुरायला सांगतात. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. १९९८ साली आमच्या अंगणात असा कोणी वही घेऊन उभा असता तर, हा विचार डोक्यातून जाईना. पण तेव्हा जगात कुणालाच हा प्रश्न ठाऊक नव्हता. वनरक्षकालाही नसता.

बैल उतरवला. म्हातारबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, गळ्यातलं दावं सोडलं, नीट गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून चालायला लागले. मी कॅमेरा उचलला नाही. उचलायला हवा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहाटे साडेपाचला गिधाडमित्राने मला लपणात नेऊन बसवलं. बांबूच्या तट्ट्या, वरून हिरवी जाळी, समोर एका हाताएवढ्या फटी. तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असेल. त्याने मला दोनच गोष्टी सांगितल्या. "उजेड पडला का बाहेर निंगू नका जी. अन् लेन्स एकदम फिरवू नका, हळू फिरवा. ते फार दुरून पायतेत." गिधाड वासावर येत नाही, नजरेवर येतं, हे मला तेव्हाच कळलं. वास मात्र मला येत होता. थंडी होती म्हणून सोसवला.

सात वाजता डोमकावळे आले. बैलाच्या डोळ्यांपाशी टोचून पाहिलं, पण कातडं त्यांना फाटेना. कुंपणाबाहेर दोन कुत्री फेऱ्या मारत होती. साडेसात, आठ, साडेआठ. मी घाबरले होते. इतक्या लांब आले आणि काहीच आलं नाही तर मुलांना काय सांगू? मुलगा शांत बसला होता. म्हणाला, "हवा तापू द्या." एवढा जड पक्षी पंख मारत फार लांब जाऊ शकत नाही. जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की तो तिच्यावर बसून वर जातो आणि मग उतारावरून घसरल्यासारखा कोसभर पुढे येतो. संगमावर मी पाहिलेला तो ठिपका साडेदहालाच का वर चढत होता, ते आता उमगलं.

नऊला पाच मिनिटं असताना समोरच्या अर्जुनावर एक येऊन बसलं.

मी फटीला डोळा लावला आणि हात थरथरायला लागले. सत्तावीस वर्षांनी पाहत होते. लांब उघडी मान, खाली पांढऱ्या मऊ पिसांची कंठी, काळसर अंग. ते नुसतं बसलं. बैलाकडे पाहत. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. मी त्याचे शंभरावर फोटो काढले आणि एकही बरा आला नव्हता, कारण मागे आभाळ होतं आणि कॅमेरा आभाळाचा उजेड मोजून पक्ष्याला काळं करत होता. संगमावर झालं होतं तेच. मुलाने माझ्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, इथे येणारे फोटोवाले कॅमेऱ्याचं चाक उजेडाच्या बाजूला फिरवतात. मी फिरवलं. पुढच्या फोटोत गिधाडाचा डोळा दिसला. तपकिरी, ओला, माणसासारखा काहीतरी विचार करणारा.

मग एकदम सुरू झालं. आधी एक सावली बैलावरून सरकली. मग दुसरी. मान वर करून पाहायला मला जागा नव्हती, म्हणून मी जमिनीवरच्या सावल्याच बघत राहिले. आणि आवाज. वाऱ्याने बांबूचं बेट वाकावं तसा सूं करत मोठा होत जाणारा आवाज, मग पाय खाली सोडून, पंख उलटे मारत एकेक उतरायला लागलं. उतरताना पंख उघडले की पाठीवरचा पांढरा पट्टा लख्ख दिसायचा, मिटले की नाहीसा व्हायचा. ज्यांच्या पाठीवर पांढरं नव्हतं, ती लहान, अजून वयात न आलेली. मुलगा वहीत खुणा करत होता, मोठ्यांच्या वेगळ्या, लहानांच्या वेगळ्या. लहानाची खूण करताना त्याचा चेहरा बदलायचा. पिलं दिसतात म्हणजे घरट्यातून काहीतरी वाचून बाहेर पडतंय.

बैलाचं पोट आदल्या संध्याकाळीच थोडं उघडून ठेवलं होतं. राजगिधाडाची चोच कातडं फाडण्याइतकी जबर असते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला तेवढं सोपं जात नाही. एकदा वाट मिळाली आणि मग फुत्कार, पंखांची झटापट, एकमेकांच्या पाठीवर चढणं. लहानपणी हे बघताना मला भीती वाटली होती. या वेळी वाटली नाही. भांडत होती, पण कुणी कुणाला जखम करत नव्हतं. तासाभरात बैलाच्या फासळ्या दिसायला लागल्या. वासही कमी झाला होता.

मराठीत आपण जमीन बळकावणाऱ्याला, प्रेताच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला गिधाड म्हणतो. मीही निबंध तपासताना ती उपमा कधी खोडली नव्हती. त्या लपणात बसून मला त्या शब्दाची लाज वाटली. गिधाड जिवंत प्राण्याला सहसा हात लावत नाही, वाट पाहतं, आणि जे उरलं तर आपल्याला रोगराई आणेल ते संपवतं. गिधाडं गेल्यावर उघड्यावर सडलेल्या जनावरांवर कुत्री वाढली, पाणी बिघडलं. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा अंदाज मांडला आहे. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला प्रेत गिधाडांना देण्याची शतकानुशतकांची रीत चालवायला पक्षी उरले नाहीत. आणि आपल्याच पुराणात जटायू आहे. नाशिक जिल्ह्यात सर्वतीर्थ टाकेदला लोक त्याच्या नावाने हात जोडतात. तोच पक्षी रोजच्या बोलण्यात शिवी झाला आहे.

दुपारी पक्षी उडून गेल्यावर मुलाने मला वही दाखवली. तारीख, वेळ, मोठी, लहान, पायात कडी असलेली. पानामागून पान. काही पानांवर नुसता शून्य. "शून्य पण लिवाव लागते," तो म्हणाला. मी त्याला कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉरची गोष्ट सांगितली. १९८२ साली ते अख्ख्या जगात २२ उरले होते. १९८७ साली जंगलातला शेवटचा पक्षीही पकडून आणला, तेव्हा पिंजऱ्यातले सगळे मिळून २७. त्यांची पिलं वाढवून १९९२पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आज पाचशेहून जास्त आहेत, आणि त्यांच्या पंखांवर आकडे लावलेले असतात. तिथे घात औषधाने नाही, शिशाने केला. शिकाऱ्याच्या गोळीतले शिशाचे कण मेलेल्या हरणाच्या मांसात राहतात आणि कॉन्डॉरच्या पोटात जातात. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "मग ते गोळी बंद केली का?" कॅलिफोर्नियात केली, २०१९पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही. "आपली सुई?"

आपली सुई. भारताने गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ साली बंद केलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांसाठीची बाटलीही तीन मिलिलिटरपेक्षा मोठी करायची नाही, असं ठरलं. मग लक्षात आलं की त्याचे भाऊबंदही तसेच आहेत. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक गुरांसाठी बंद झालं, २०२४च्या अखेरीस निमेसुलाइड. मेलोक्सिकॅम हे गिधाडाला न मारणारं औषध २००६ सालीच माहीत झालं होतं. एकेक नाव बंद व्हायला इतकी वर्षं का लागावीत, याचा मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. आमच्या विदर्भात शेतकऱ्याला बाटलीवरचं नाव मराठीत वाचायला मिळत नाही, हाही.

ताडोब्याच्या बोटेझरीला जानेवारी २०२४मध्ये हरयाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आणली. पाठीवर यंत्र बांधून ती ऑगस्टात मोकळी सोडली. त्यांतलं एक हजारो किलोमीटर फिरत थेट तामिळनाडूपर्यंत गेलं. हे मी त्या मुलाला सांगितलं तर त्याला माहीत होतं. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "तितक्या गावात कोनी सुई नाही दिली पायजे."

परत आल्यावर वर्गात फोटो दाखवले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने एक फोटो मागून घेतला, आजाला दाखवायला. आठवड्याने तो आला तेव्हा शर्टाच्या खिशातून एक रिकामी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या गाईला दिलेल्या औषधाची. आजाने पाठवली होती, मॅडमला विचार म्हणून. अक्षरं बारीक होती. मी ती खिडकीशी नेऊन वाचली. मेलोक्सिकॅम. मी त्याला ते नाव फळ्यावर लिहून दाखवलं, आणि शेजारी बंद झालेल्या त्या चार नावांवर काट मारून दाखवली. वर्गाने उतरवून घेतलं. अभ्यासक्रमात नाही, तरी दर वर्षी लिहून देणार आहे.

संगमावर अजून जाते. तो ठिपका पुन्हा दिसला नाही. भामरागड अभयारण्य १९९७ साली झालं, १०४ चौरस किलोमीटरचं. त्यावर, नदीपलीकडे, आभाळ मोठं आहे. मीही एक वही केली आहे, आणि तिच्यात बहुतेक शून्यच आहेत.

मे महिन्यात गावी गेले. बाबांना आता दूरचं धूसर दिसतं, म्हणून फोटो मोठा छापून नेला होता. ओसरीत बसून त्यांनी तो मांडीवर घेतला. मला वाटलं, गिधाडं बघून काही बोलतील. त्यांनी आधी शिंगावर बोट ठेवलं.

"बैल होय ना? पोळ्याचा रंग हाय. कोनाचा होता?"

मी म्हातारबांचं सांगितलं. चौदा वर्षं राबला, दावं सोडून नेलं, ते सगळं.

"सुई देल्ली होती?"

"नाही, बाबा. विचारलं त्यांनी. दोनदा विचारलं. लिहून घेतलं."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोटो उजेडात तिरपा धरला आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेका गिधाडावर बोट टेकवत गेले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. बैलाच्या पाठीआडचं एक सुटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. अकरा, बारा, तेरा. उजव्या कडेशी बोट थांबलं. तिथे माझ्या हातून एक गिधाड कापलं गेलं आहे. एक पंख आणि पाठीवरचा पांढरा तुकडा, बाकी फोटोच्या बाहेर.

"हे अर्धंच हाय, माय. धराचं का?"

"धरा, बाबा."

"चौदा," बाबा म्हणाले.